टेबलावरचा उस्ताद

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे एका ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. पत्र्याचं छप्पर, दारात पंक्चरवाला, अंगणात आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या. एकूण चाळीस. जाताना पोलादाच्या कॉइल कोल्हापूरकडे न्यायच्या आणि येताना शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून कास्टिंग भरून न्हावा-शेव्याला आणायचं, हा मुख्य धंदा. मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठच्या वडिलांची एकच गाडी होती, तेव्हा मालक आणि ड्रायव्हर एकाच बाजेवर पाठ टेकत. चाळीस गाड्या झाल्यावर मध्ये एक माणूस लागतो. कोणती गाडी कुठे आहे, कोणाला ॲडव्हान्स किती द्यायचा, कोणाच्या घरी लग्न आहे, कोण पिऊन आलाय, हे सगळं बघणारा. मोठ्या कंपन्यांत त्याला ड्रायव्हर मॅनेजर म्हणतात. या ऑफिसात त्याला नुसतं टेबल म्हणत. टेबलला विचार, टेबल नाही म्हणालं, असं.

टेबलवरचे जुने काका गुडघ्यांपायी गावी गेले, तेव्हा शेठनी फार विचार केला नाही. त्यांनी हणमंताला बोलावलं.

हणमंत सांगोल्याकडचा. बावीस वर्षं स्टेअरिंगवर. एक मोठा अपघात नाही, माल कधी भिजला नाही आणि डिझेलचं ॲव्हरेज चाळीस गाड्यांत सरस. पोरं त्याला उस्ताद म्हणत. जो सगळ्यात चांगली गाडी चालवतो तो इतरांकडूनही चांगली चालवून घेईल, हा शेठचा हिशेब. मालक लोकांना हा हिशेब फार आवडतो. चांगला पैलवान चांगला वस्ताद होईलच असं तालमीत कोणी धरून चालत नाही. ट्रान्सपोर्टात मात्र धरतात.

पहिले दोन महिने शेठची निवड अगदी बरोबर वाटली. हणमंताला थाप मारणं कोणाला जमेना. कोणत्या ढाब्यामागे डिझेल निघतं, कोणता पंक्चरवाला कोरी पावती फाडून देतो, सगळं त्याला पाठ. टायर फुटला म्हणणाऱ्याला तो विचारी, "आतला का बाहेरचा? फोटो टाक." एकाने कोल्हापूरहून येताना सांगितलं, खंबाटकी घाटात तीन तास अडकलो. हणमंत म्हणाला, "पुण्याकडं येताना तू बोगद्यातनं येतोस लेका. घाटात कसा गेलास?" ऑफिस दिवसभर हसत होतं. तो ड्रायव्हर हसला नाही.

हणमंताने भिंतीवर एक पांढरा बोर्ड लावला. दर महिन्याला प्रत्येक गाडीचं ॲव्हरेज त्यावर. पहिल्याचं नाव लाल शाईने, वर रोख बक्षीस. कोणी उशिराचं कारण सांगू लागला की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "हे अंतर मी बारा तासांत काढलंय." झोप झाली नाही? मी काढलंय. ताप आहे? मी तापात काढलंय. त्याचं खोटं नव्हतं. खरोखरच काढलं होतं, म्हणून तर समोरच्याला बोलायला जागा उरत नसे.

हळूहळू टेबलवरचा फोन वाजायचा कमी झाला. शेठ खूश झाले. पूर्वी काकांच्या वेळी रात्रीबेरात्री फोन यायचे, हे बिघडलं, ते अडलं. आता शांतता. गाड्या धावतायत, ॲव्हरेज चढतंय, तक्रार नाही. हणमंतालाही वाटलं की गाडी रुळावर आली.

फोन बंद झाले नव्हते. ते दुसरीकडे जात होते.

कोपऱ्यात लता बसायची. बिल्टी फाडणं, ई-वे बिल काढणं, पोच आली की फायलीला लावणं, ट्रिपचा हिशेब मिटवणं, हे तिचं काम. आयुष्यात तिने स्कूटीपलीकडे काही चालवलं नव्हतं. पण ई-वे बिलाला मुदत असते, दोनशे किलोमीटरला एक दिवस. कळंबोली ते कोल्हापूर साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे दोन दिवस. गाडी कुठे लटकली तर मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवून घ्यावी लागते, आणि वाढवताना पोर्टल कारण विचारतं. नैसर्गिक आपत्ती, कायदा-सुव्यवस्था, माल दुसऱ्या गाडीत भरला, अपघात, इतर. ड्रायव्हर लताला फोन करत, कारण बिल संपलेली गाडी वाटेत धरली तर भानगड मोठी. लताला कारण भरावंच लागे, म्हणून ती विचारी, "काय झालं, दादा?"

दहापैकी नऊ वेळा ती 'इतर' निवडायची. मग खरं कारण आपल्या एका लांबट वहीत लिहून ठेवायची, पुढे कोणी विचारलं तर असावं म्हणून. त्या वहीत काय काय होतं! फाउंड्रीच्या गेटवर टोकन घेऊन चौदा तास. लायनर तापला, वास येतोय, टेबलला सांगू नका. बायको दवाखान्यात, पैसे पाठवायचे राहिले. झोप आली, पंपावर थांबलो, टेबलला सांगू नका. 'टेबलला सांगू नका' हे इतक्या वेळा आलं की लता पुढे पुढे नुसतं 'टे. ना.' लिहू लागली.

दिवाळीनंतर दोन आठवड्यांत तिघांनी किल्ल्या आणून टेबलावर ठेवल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एक म्हणाला गावाकडे शेती बघायचीय. दुसरा काहीच म्हणाला नाही. तीन गाड्या अंगणात उभ्या राहिल्या. चाक फिरो न फिरो, बँकेचा हप्ता फिरतच असतो. शेठ म्हणाले, "आजकालच्या पोरांना कष्ट नको." हणमंताने मान हलवली.

बोर्डावर तेव्हा सलग तिसऱ्या महिन्यात लाल शाईने एकच नाव होतं. संतोष. पाटोद्याचा, सव्विशीचा, बारा चाकी चालवायचा. लता महिन्याअखेर गॅरेजची बिलं लावत बसली होती, तेव्हा तिला काहीतरी खटकलं. तिने दोन कागद उचलले आणि टेबलपाशी आली.

"अण्णा, एक विचारू? मला गाडीतलं कळत नाही."

"विचारा की."

"संतोषचं डिझेल सगळ्यात कमी लागतं. आणि ब्रेकचे लायनर सगळ्यात जास्त त्याच्याच गाडीचे बदललेत. गेल्या महिन्यात तर ड्रमही तडकला. या दोन्हींचा काही संबंध असतो का?"

हणमंताने कागद हातात घेतले आणि बराच वेळ वाचत राहिला. त्यावर वाचण्यासारख्या ओळी चार-पाचच होत्या. मग म्हणाला, "पोरगं ब्रेकवर पाय ठिवून चालवतंय. सांगतो त्याला."

त्याने काही सांगितलं नाही. संबंध काय आहे ते त्याला पहिल्या नजरेतच कळलं होतं, आणि न सांगण्याचं कारणही तेच होतं.

साताऱ्याकडून पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा संपला की रस्ता उतरू लागतो. दरी पूल, नऱ्हे, मग नवले पूल. हा उतार डोळ्यांना घाटासारखा दिसत नाही, म्हणूनच फसवतो. भरलेली गाडी न्यूट्रल करून सोडली तर आपसूक पळते. चावी फिरवून इंजिनच बंद केलं तर तेवढे किलोमीटर फुकटात पडतात, आणि महिन्यात अशा फेऱ्या धरल्या तर ॲव्हरेजचा आकडा दिसण्याइतका चढतो. पण इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद. दर ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते, पॉवर स्टेअरिंग जड होतं, गिअरमध्ये इंजिन जो अडसर घालतं तो नाहीसा होतो आणि बावीस टन मालाला थोपवायचं काम एकट्या लायनरवर येतं. लायनर तापला की धरत नाही. आदल्याच वर्षी, २०२२च्या नोव्हेंबरात, या उतारावर एका अवजड गाडीमुळे चाळीसहून अधिक गाड्यांचं नुकसान झालं होतं. सुरुवातीला सगळे ब्रेक फेल म्हणाले. चौकशीत पुढे आलं की उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती.

हणमंताचं सरस ॲव्हरेजही बरंचसं याच उतारावरून आलेलं होतं. शेठनी बावीस वर्षांत त्याचा आकडा दहा जणांना दाखवला, पण तो आला कुठून हे त्याला एकदाही विचारलं नाही. आणि ज्या युक्तीवर आपण उस्ताद झालो, तीच पोराला नको कशी म्हणायची?

पुढच्या आठवड्यात एका गाडीचा क्लच गेला म्हणून हणमंत रात्री ऑफिसातच थांबला होता. दोनच्या सुमाराला सहज जीपीएसच्या पडद्याकडे नजर गेली. संतोषची गाडी बोगद्याच्या तोंडाशी. पडद्यावर प्रत्येक गाडीपुढे वेग असतो, त्याच्या बाजूला चावीचं बारीक चिन्ह असतं. चालू असली की हिरवं, बंद असली की करडं. ते चिन्ह पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. गाडी बोगद्यातून बाहेर आली, आणि चिन्ह करडं झालं. वेग अठ्ठेचाळीस. मग सत्तावन्न. मग चौसष्ट.

हणमंताने मोबाइल उचलला आणि तसाच खाली ठेवला. आता फोन केला तर पोराचा एक हात स्टेअरिंगवरून सुटणार, आणि स्टेअरिंग या क्षणाला दोन हातांनाही भारी आहे, हे त्याच्याइतकं त्या ऑफिसात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. ओरडून उपयोग नाही, धावून उपयोग नाही. बावीस वर्षांत तो या उतारावरून किती वेळा आला असेल, पण त्याच्यासाठी कोणीतरी असं बसून राहिलंय, हे कधी त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. दरी पूल गेला. पडदा दर दहा सेकंदांनी बदलायचा. मधल्या दहा सेकंदांत गाडी कुठे आहे हे देवाला ठाऊक. नऱ्ह्यापाशी वेग एकदम बावीसवर आला. पुढे कोणीतरी आडवं आलं असणार. मग चाळीस. मग वारजे, आणि चिन्ह हिरवं.

देहूरोडच्या पुढे गाडी थांबली, तेव्हा हणमंताने फोन लावला. संतोषने उचलला नाही. परत लावला. कट केला.

घड्याळात पावणेतीन वाजले होते. हणमंताने मनाचा हिय्या करून लताच्या घरी फोन लावला. "ताई, माफ करा. संतोषनं उतारावर इंजिन बंद केलं हुतं. तुम्ही त्याला फोन लावता का? माझा उचलत न्हाई तो."

लताने लावला. पहिल्या रिंगला उचलला. "काय झालं ताई, बिल संपलं का?"

"नाही. तू बरा आहेस ना? उतारावर इंजिन का बंद केलंस?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "बोर्ड लावलाय ना ताई सायबांनी. आईचं औषध त्या बक्षिसातच निघतंय. आन् आज नऱ्ह्याला एक मोटरसायकल मधी आली. ब्रेक लागायला लई उशीर झाला. अजून हात थरथरतेत. म्हणून थांबलोय."

हे टेबलला कोण सांगणार होतं?

दोन दिवसांनी हणमंत कोल्हापूरहून येताना संतोषच्या गाडीत क्लीनरच्या सीटवर बसला. सातारा जाईपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. शिरवळला चहा झाल्यावर संतोषनेच तोंड उघडलं.

"तुम्ही बी असंच काढायचात म्हणं, उस्ताद."

"कोण म्हणालं?"

"सगळीच म्हणत्यात. तुमच्याच जुन्या क्लीनरनं दाखवलं मला. म्हणला, उस्तादाचं ॲव्हरेज हितंच निघतं."

हणमंत खिडकीबाहेर बघत राहिला. "काढायचो," तो म्हणाला. "तवा माझं नशीब बरं हुतं. त्याला मी कसब समजत हुतो, आन् शेठ बी."

बोगद्याआधी त्याने संतोषला विचारलं की इकडचा चढ कोणत्या गिअरवर चढलास. मग जुन्या ड्रायव्हरांचा साधा नियम सांगितला: ज्या गिअरवर चढायचं, त्याच गिअरवर उतरायचं. बोगद्यातच गिअर खाली घ्यायला लावला, एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबायला लावलं. इंजिन घोगऱ्या आवाजात कुरकुरत राहिलं, गाडी अगदी बैलगाडीच्या चालीने उतरली, मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. नवले पुलापाशी संतोष म्हणाला, "ब्रेकला पायच लावला न्हाई की जवळजवळ."

"डिझेल बी फार जात न्हाई," हणमंत म्हणाला. "नव्या इंजिनाला उतारावर गिअरमधी ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंदच हुतं. न्यूट्रलला चालू ठिवलंस तर उलट थोडं जळत ऱ्हातं. बंद केलंस तर वाचतं, पर ते लायनरवाल्याला द्यावं लागतं."

त्या महिन्यात बोर्ड पुसला गेला आणि शेठ भडकले. ॲव्हरेज उतरलं होतं. हणमंताने पहिल्यांदाच शेठसमोर आपला जुना आकडा कसा आला ते सांगितलं. शेठना ते आवडलं नाही. इतकी वर्षं दहा जणांना दाखवलेली वस्तू खोटी निघाली तर कोणाला आवडेल? लताने लायनरची, ड्रमची बिलं पुढे ठेवली, उभ्या राहिलेल्या तीन गाड्यांचे हप्ते ठेवले आणि शेवटी ती लांबट वही ठेवली. शेठनी चार पानं चाळली.

"हे टे. ना. म्हणजे काय?"

लताने सांगितलं. शेठनी हणमंताकडे बघितलं. हणमंत भिंतीकडे बघत होता. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरच्या मागे १९६१च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाचा पिवळा पडलेला कागद: दिवसाला आठ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. लेबर इन्स्पेक्टर आला की कॅलेंडर काढायचं, गेला की परत लावायचं, ही त्या ऑफिसची वहिवाट होती.

"दोन महिने बघू," शेठ म्हणाले. पटलं असं म्हणाले नाहीत.

टेबलाला दुसरी खुर्ची लागली, लताची. पण ती म्हणाली, मी रस्ताच पाहिलेला नाही, मी कोणाला काय सांगू? म्हणून एकदा ती दिवसाउजेडी शिरोलीपर्यंत जाऊन आली, गाडी हणमंताने चालवली. आदल्या रात्री त्याने केबिन धुऊन काढली होती, अगरबत्ती लावली होती आणि आरशापाशी चिकटवलेली एक नटी घाईघाईने खरवडली होती. तिचा अर्धा हात तसाच राहिला होता. वाटेत लताला कळलं की बाईमाणसाला थांबायला धड जागा किती कमी आहेत, आणि मग ड्रायव्हर पाणी कमी का पितात तेही कळलं. फाउंड्रीच्या गेटवर वॉचमनने हणमंताला "ए, मागे घे" म्हटलं. बावीस वर्षांच्या उस्तादाने निमूट गाडी मागे घेतली.

तिथल्या रांगेत तिला सगळ्यात मोठी गोष्ट दिसली. रांग दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक गाडी पुढे सरके. डोळा मिटावा तर मागचा हॉर्न वाजवी. ऑफिसातल्या पडद्यावर अशी गाडी सलग दहा-बारा तास 'उभी' दिसते, आणि टेबल म्हणतं, एवढा वेळ उभा होता, झोपला असेलच की.

"तुम्हाला तर हे माहीत होतं, अण्णा," लता म्हणाली.

"व्हय. पर मी तसाच निघायचो," हणमंत म्हणाला, "आन् मग वाटायचं, ह्यास्नी काय धाड भरलीय?"

त्या दिवसापासून दोघांत एक करार झाला. "मी काढलंय" हे वाक्य तोंडातून निघालं की हणमंताने सगळ्या ऑफिसला चहा पाजायचा. पहिल्या आठवड्यात चहावाल्याची चांदी झाली. फोन आला की आधी कुठे आहेस, मग कसा आहेस, मग झोपलास कधी, आणि माल सगळ्यात शेवटी, हा क्रम लताने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून टेबलावर ठेवला. हणमंताला तो जमायला वेळ लागला. गिअर बदलणं हाताला येतं, प्रश्न विचारून गप्प बसणं तोंडाला लवकर येत नाही. थापा मारणारे अजूनही थापा मारत, आणि खंबाटकीचा बोगदा त्याला अजूनही पाठ होता. किल्ली ठेवून गेलेल्यांपैकी एकच परत आला. डिझेल चोरणारा एक सापडला, त्याला हणमंताने त्याच दिवशी घरी पाठवलं. तिथे त्याने कसला क्रम पाळला नाही.

फेब्रुवारीतल्या एका रात्री साडेदहाला टेबलचा फोन वाजला. शेठ हिशेबासाठी थांबले होते.

"अण्णा, संतोष बोलतोय. शिरोलीतनं आत्ता गाडी भरून भायेर काढली. काल रात्री आठपासून रांगंत हाय, डोळ्याला डोळा न्हाई. मी सकाळपर्यंत निघत न्हाई."

हणमंताच्या तोंडापर्यंत ते वाक्य आलं. लता घरी गेली होती, चहा वाचला असता. त्याने पुठ्ठ्याकडे बघितलं.

"गाडी कुठं लावलीस?"

"पंपावर. जेवलोय."

"झोप. फोन बंद करून झोप. साताला निघ. पार्टीशी मी बोलतो."

मग त्याने फाउंड्रीच्या डिस्पॅचवाल्याला फोन लावला. कान लांब धरावा लागेल इतक्या मोठ्याने तो माणूस ओरडत होता. परवा जहाजाचं गेट बंद होतंय, माल राहिला तर भरपाई कोण देणार, ड्रायव्हरला झोप येते तर दुसरा पाठवा. हणमंताने सगळं ऐकून घेतलं.

"दुसरा पाठवला तरी त्याला कळंबोलीहून यायलाच सकाळ होईल, साहेब. गाडी साताला निघंल, रात्री न्हावा-शेव्याला लागंल, तुमचं गेट चुकत न्हाई. आन् एक. काल आठ ते आज रात्री दहा, सव्वीस तास गाडी तुमच्या दारात हुती. टोकनवर येळ लिवलीय. करारात बारा तास फुकट हायेत, वरच्या चौदा तासांचं हॉल्टिंग बिलात लावतोय."

"शेठला फोन द्या," पलीकडून आवाज आला. तो शेठनाही ऐकू गेला.

हणमंताने रिसीव्हरवर हात ठेवून वर बघितलं. शेठनी चष्मा घडी करून खिशात टाकला, वही मिटली आणि दाराकडे जाता जाता म्हणाले, "सांग त्याला, शेठ झोपलेत."